दात काढायला गेलो आणि जॅझ ऐकून आलो

नागपूर पाहिलेली माणसं आमच्या नागभीडकडे कमी नाहीत. कोणी कोर्टाच्या तारखेला जातो, कोणी दवाखान्यात, कोणी तांदूळ विकायला. पण तिथल्या सदर भागातल्या मोठ्या हॉटेलात रविवारी दुपारी जे वाजवणं चालते, ते आमच्या भागातल्या कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मी पाहिलं. पाहायला गेलो नव्हतो, दात काढायला गेलो होतो. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारते, आणि दरवेळी मी थोडं थोडं विसरतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. फुंकून वाजवणाऱ्यांनी तर हे वाचावंच. ज्याला येत नसेल त्यानं कोणाकडून वाचून घ्यावं.

आधी माझं कारण सांगतो. मी आमच्या बँडपार्टीत क्लारनेट वाजवतो. बापाकडे डफडं होतं, गावकीचं. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा बापानं ते खाली ठेवलं ते ठेवलंच. माझं क्लारनेट तेवढं घरात राहिलं, कारण ते कोणी आमच्या गळ्यात बांधलेलं नव्हतं, मी स्वतः घेतलेलं होतं. क्लारनेट वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात आणि खालचा ओठ त्याच्या वेताच्या पत्तीखाली धरावा लागतो. वरचे दात गेले तर टेकवणार काय? आमच्या धंद्यात सगळे हेच मानतात की दात गेला की माणूस गेला. मग त्याच्या हातात झांज देतात. झांजही जड झाली की घरी बसवतात. माझ्या उस्तादाचं असंच झालं. एवढा मोठा वाजवणारा, शेवटी झांज घेऊन मागच्या रांगेत चालायचा आणि आमच्याकडे पाहायचा नाही.

त्यामुळे माझे वरचे दात हलायला लागले तेव्हा मी कोणाला बोललो नाही. फक्त बुढीला, माझ्या बायकोला, माहीत होतं. ती रोज संध्याकाळी लवंग कुटून द्यायची आणि म्हणायची, दवाखान्यात जा. मी जात नव्हतो. मग दिवाळीच्या तोंडावर तिलाच ताप आला आणि ती गेली. त्यानंतर मी क्लारनेटची पेटी खाली काढली नाही. गावात म्हणू लागले की बुढ्यानं बायकोच्या दुःखात वाजवणं सोडलं. लोकांना असं बोलायला बरं वाटते. दुःख होतंच. पण दुःखात माणसाला वाजवावंसं जास्त वाटते, कमी नाही. एका दुपारी दार लावून मी वाजवून पाहिलं होतं. दात झाडाच्या पानांसारखे हलले, तोंडात रक्त आलं, आणि आवाजाच्या जागी नुसती हवा निघाली.

माघात माझा पुतण्या श्रावण आला. पार्टी आता तोच चालवतो. लगीनसराई जवळ आली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि जाताना उंबऱ्यावर म्हणाला, "काका, यंदा तुमी येता का मी दुसरा क्लारनेटवाला पाहू?"

मी म्हटलं, नागपूरहून आल्यावर सांगतो.

इतवारी आणि सक्करदरा

छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सायकलवाला मागून येऊन पुढे जातो, एवढं सांगितलं की पुरे. भिवापूरला मिरचीची पोती चढली आणि नागपूरच्या इतवारी स्टेशनापर्यंत सगळा डबा शिंकत आला. मला एकेक शिंक दातांत बसत होती.

माझी मुलगी शांता सक्करदऱ्याला राहते, जावई देवराव गिरणीत आहे. बुढीशिवाय त्यांच्या घरी जायची ही माझी पहिलीच वेळ. शांतानं दारात माझ्यामागे पाहिलं. सवयीनं पाहिलं. मग पिशवी घेऊन आत गेली आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत राहिली. 

तिनं गोळाभात केला होता, मला आवडतो म्हणून. भातात डाळीचे गोळे, वरून कढत तेलाची फोडणी. मी भात भात खाल्ला आणि गोळे ताटाच्या कडेला सारले. तिच्या लक्षात आलंच.

"बाबा, तोंड उघडा," ती म्हणाली.

"कायले?"

"उघडा म्हनते ना. आईनं मले सारं सांगतलं होतं."

उघडलं. तिनं दिव्याशी नेऊन पाहिलं, आणि देवरावला सांगितलं की उद्या गिरणीत जायच्या आधी यांना धंतोलीत सोडून द्या, नाहीतर हे अर्ध्या रस्त्यातून परत येतील. मुलगी अगदी आईवर गेली आहे.

सकाळी तलावाकडे फिरून आलो. नागपूरचे लोक तलावाकाठी नुसते फिरायला येतात, ना पाणी भरायचं ना म्हैस धुवायची. आमच्याकडे तलावावर रिकाम्या हातानं गेलेल्या माणसाला लोक विचारतील, काय झालं गा?

धंतोली

धंतोलीत जिकडे पाहावं तिकडे दवाखाने. साऱ्या विदर्भाची दुखणी तिथे येऊन बसलेली. कोणी यवतमाळचा, कोणी गोंदियाचा. बाकावर बसल्या बसल्या एकमेकांना गावं विचारतात, मग दुखणं विचारतात आणि शेवटी कोणती भाजी महाग झाली ते. मला तिथे करमलं.

दातांच्या डॉक्टर बाई निघाल्या. मला ते अवघड वाटलं, पण खुर्चीत बसवल्यावर माणूस काय करणार. ती खुर्ची एकदा मागे पडली की आपण उताण्या कासवासारखे होतो. बाईंनी गळ्यात पांढरं फडकं बांधलं, आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, वरचे सगळे काढावे लागतील. हिरड्यांत पू झालाय. हे ठेवलेत तर ताप येत राहील, आणि पुढे आणखी काय काय."

मी उठलो आणि चालू लागलो. खरं सांगायचं तर पळालो. रस्त्यावर लोक माझ्या गळ्याकडे पाहू लागले तेव्हा कळलं की फडकं तसंच आहे. आता दवाखान्याचं फडकं घेऊन पळणं म्हणजे चोरीच झाली. परत गेलो. बाई दारातच उभ्या होत्या. हसल्या नाहीत. विचारलं, दुखेल म्हणून घाबरलात का? मी म्हटलं, दुखायचं ते दुखूनच राहिलं आहे, बाई, मी क्लारनेट वाजवतो.

त्यांना समजलं नाही. मी समजावून सांगितलं, अगदी बोट दातावर ठेवून. तेव्हा त्यांनी मला आत नेऊन बसवलं. मग म्हणाल्या की त्यांचा एक पेशंट आहे, पिंटो नावाचा, तोही क्लारनेटच वाजवतो, पूर्वी कलकत्त्याच्या नाइटक्लबांत होता. त्याच्या वरच्या दातांची कवळी अलीकडे त्यांनीच नवीन करून दिली. "वाजवण्यातलं मला काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना भेटून या. मग काय ते ठरवा. पण लवकर ठरवा."

पत्ता छावणीचा होता. फडकं परत देऊन निघालो.

छावणी

छावणीत गेलं की नागपूर संपून दुसरंच गाव लागल्यासारखं वाटते. बैठी घरं, पुढे कुंड्या, खिडकीला जाळीचे पडदे आणि बायका फ्रॉकमध्ये. आमच्या वयाच्या बायका. प्रथम नजर खाली जाते, मग सवय होते.

पिंटोसाहेब मूळचे गोव्याचे. माझ्याच वयाचे, अंगानं काटकुळे, केस तेल लावून मागे बसवलेले. बायको डॉली बाई, रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन गार्डाची मुलगी, इथलीच. म्हणून कलकत्ता सुटल्यावर ते सासरच्या गावी येऊन राहिले. पिंटोसाहेबांची मराठी कोकणी वळणाची, डॉली बाईंची हिंदी त्यांची स्वतःची. आणि नवरा-बायकोत एक वाक्य सरळ जाईल तर शपथ. साहेबांनी मला खुर्ची दिली, तर बाई म्हणाल्या ती मोडकी खुर्ची आहे. साहेब म्हणाले ती तूच मोडलीस. बाई म्हणाल्या, हम मोडा? तुम्हारा वो मोटा ड्रमवाला मोडा. मी दोघांच्या मधे बसून ऐकत होतो, आणि एकाएकी मला तिथून उठून जावंसं वाटलं. घरात असं भांडणारं माणूस नसलं म्हणजे काय असते, ते त्या दोघांना कोणी सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही.

जेवायला बसवलं. पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांची आमटी. भातात नारळाचं दूध घातलेलं. आमच्या गोळाभाताचा कोणी लांबचा नातेवाईक म्हणावा तसं. गोळे मऊ होते, चावले गेले. नवऱ्यासाठीच मऊ करत असतील. मी दोनदा मागून घेतले. डॉली बाई खूश झाल्या.

जेवताना साहेबांनी कलकत्त्याचं सांगितलं. लढाईच्या काळात तिथल्या हॉटेलांत गोरे आणि काळे अमेरिकन शिपाई यायचे, संध्याकाळपासून नाच. यांचा पांढरा कोट, काळा बो. पण मोठ्या दारातून जायची सोय नाही. वाजवणाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून जायचं आणि पाहुण्यांचं झाल्यावर तिथेच उभ्यानं जेवायचं. मी म्हटलं, साहेब, हे मला सांगू नका, आम्ही मांडवाच्या मागे बसून जन्म काढला. बटणांचा लाल कोट आमच्याही अंगात असतो. त्यावर ते खूप हसले आणि हसताना तोंडावर हात धरला. तेव्हा मी मुद्द्यावर आलो, माझे दात, उस्तादाची झांज, सगळं सांगितलं.

त्यांनी कवळी काढून दाखवली नाही, डॉली बाई समोर होत्या. पण सांगितलं की वरचा एकही दात स्वतःचा नाही. खालचे काही आहेत. कलकत्त्यातच वरचे पडले. पहिली कवळी लावली तेव्हा क्लारनेट हातातून सुटल्यासारखं झालं, मग हळूहळू जमलं. आता पावडर लावून पक्की बसवतात. सुटेल सुटेल ही भीती मात्र रोजची.

"आणि सुटली तर?" मी विचारलं.

"अजून सुटली नाय," साहेब म्हणाले.

"पन सुटली तर?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तर मास्तर, मी पण झांजवालो."

माझं काही समाधान झालं नाही. या माणसाला हॉटेलात एका जागी बसून वाजवायचं असते, पंख्याखाली. आम्हाला वरातीत चालत, उन्हात, खड्ड्यांतून वाजवायचं. माझी कवळी तर पहिल्याच गल्लीत पडेल. पण ते म्हणाले, उद्या रविवार आहे, दुपारी सदरच्या हॉटेलात आमचं वाजवणं आहे, ये. मी म्हटलं येतो. मनात वाटत होतं की ऐकून घेऊ, मग सोमवारी गाडीत बसू आणि श्रावणला सांगू, पाहा बापू, दुसरा क्लारनेटवाला.

सदर

हॉटेलच्या मोठ्या दारावर पगडीवाला होता. माझं धोतर आणि टोपी पाहून त्यानं हात आडवा धरला. पिंटोसाहेब मला बाजूच्या बोळातून घेऊन गेले, कांद्याच्या सालांवरून, आणि स्वयंपाकघराच्या दारानं आत. ते दार मला पसंत पडलं. तिथून आत जायला माणसाला कोणाचं तोंड पाहावं लागत नाही.

आत मोठा दिवाणखाना, लाकडाची गुळगुळीत जमीन, पडदे ओढून भर दुपारी अंधार केलेला. साहेब म्हणाले, मुंबई-कलकत्त्याला हे रात्रीचं असते. इथे रविवारी दुपारी कॉलेजचे पोट्टे-पोट्टी येतात, कोल्ड कॉफी पितात आणि नाचतात. दारूबंदी होती. ज्याला परमिट आहे तो दुसऱ्या खोलीत. मला त्यांनी बाजावाल्यांच्या बाजूला, कुंडीतल्या झाडामागे बसवलं. माझ्यासाठी पण कोल्ड कॉफी आली. नळीनं एक घोट ओढला आणि बर्फाचा थंडपणा सरळ वरच्या दातांत शिरला. डोळ्यांतून पाणी आलं. बाजूच्या टेबलावरच्या मुलीला वाटलं मला संगीत आवडलं, आणि अजून तर सुरूही झालं नव्हतं.

चौघं होते. पियानोवर एक म्हातारा मद्रासी, उभं मोठं व्हायोलिन बोटांनी वाजवणारा एक, तो जाडा ड्रमवाला आणि पिंटोसाहेब. अंगात तोच पांढरा कोट असावा, बगलेत पिवळा पडलेला. डॉली बाई समोरच्या टेबलावर पर्स मांडीत घेऊन बसल्या होत्या.

आता हे जॅझ म्हणजे काय ते सांगतो, कारण श्रावणनं मला तीनतीनदा विचारलं. आधी सगळे मिळून एक साधं गाणं वाजवतात. मग गाणं तसंच खाली चालू राहते आणि एकजण त्याच्यावरून आपल्या मनानं फिरून येतो. मग दुसरा. मग सगळे परत एकत्र. ज्यांना वाटत असेल की हे काही विलायती आहे, त्यांनी आठवावं. वरातीत नवरदेवाचा घोडा चौकात अडला, पुढे मामा नाचून राहिले, मागे बाया थांबल्या, की आम्ही काय करतो? तेच गाणं ओढत नेतो. ढोल धरून ठेवतो, आणि क्लारनेटवाला आपल्या जिवावर गाण्याच्या बाहेर जातो, फिरतो, आणि घोडा हलला की परत येतो. तेच हे. फक्त इथे घोडा नव्हता.

पिंटोसाहेब वाजवायला लागले आणि मी कॉफी विसरलो. खालचे सूर असे की मातीच्या मडक्यात कोणी बोलून राहिलं. वर गेले की बारीक, पण टोचत नव्हते. मधेच एक सूर त्यांनी वाकवला, पिळला आणि सोडून दिला. मी अनेक महिने घरात वाजवणं ऐकलं नव्हतं. मला सहन होईना. काय करावं ते कळेना, बसवेना, आणि मग मी ते केलं जे आमच्याकडे करतात.

आमच्याकडे रीत आहे. वाजवणारा मन लावून वाजवत असला की ऐकणारा उठतो, नोट त्याच्या डोक्यावरून ओवाळतो आणि दोन बोटांत धरून त्याच्या तोंडापुढे नेतो. क्लारनेटवाल्यानं हात न सोडता, पत्ती जरा बाजूला करून, ती नोट दातांत धरायची आणि ताल चुकू न देता परत सुरू व्हायचं. हात रिकामे नसतात म्हणून ही रीत. त्यात मान आहे दोघांचा.

मी झाडामागून निघालो, नाचणाऱ्या जोड्यांमधून गेलो, खिशातली नोट साहेबांच्या डोक्यावरून ओवाळली आणि तोंडापुढे धरली. नाचणारे थांबले. कोणीतरी हसलं. डॉली बाई उठून उभ्या राहिल्या. पिंटोसाहेबांनी असलं कधी पाहिलं नसावं. पण वाजवणारा माणूस वाजवणाऱ्याचा हात ओळखतो. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनी सांगितलं. त्यांनी क्लारनेट जरा बाजूला केलं, मान पुढे आणली, आणि नोट दातांत धरली.

मी बोटं सोडायला हवी होती. सोडायला जरा उशीर झाला. नोट माझ्याकडे परत आली, आणि नोटेबरोबर कवळी आली.

वरचे सगळे दात, गुलाबी हिरडीसकट, माझ्या तळहातावर.

पियानो चुकला. उभ्या व्हायोलिनवाल्याचा हात थांबला. जाडा ड्रमवाला तेवढा खाली मान घालून वाजवत होता, त्याला काही दिसलंच नाही, म्हणून ताल चालू राहिला. पिंटोसाहेबांचं तोंड आत गेलं, ते एकदम फार म्हातारे दिसायला लागले. त्यांनी माझ्या हातातल्या दातांकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मी मनात म्हटलं, जा बुढ्या, स्वतःचं तर बुडवलंस, आता दुसऱ्याचंही बुडवलंस.

त्यांनी कवळी मागितली नाही. पाठ फिरवली नाही. वरचा ओठ आत दुमडला, खालचा ओठ आत दुमडला, त्या दोन ओठांच्या गादीत माउथपीस धरलं आणि डोळे मिटले. पहिला सूर फाटला. दुसरा हवेत गेला. तिसरा बसला.

मी हातभर अंतरावर उभा होतो. एवढ्या जवळून कोणी पाहिलं नसेल. वरचे दात तोंडात नव्हते, माउथपीसवर टेकलेले नव्हते, ते सगळे माझ्या मुठीत होते, आणि क्लारनेट वाजत होतं. आवाज पहिल्यापेक्षा रुंद होता, मऊ, थोडा कापरा. पियानोवाल्यानं हळूच सूर धरला. मग मोठ्या व्हायोलिनवालाही आला. पिंटोसाहेब गाण्याच्या बाहेर गेले ते लांब गेले, आणि मला वाटलं परत येतात की नाही. आले. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा खेळच आहे, कार्यक्रमातला.

डॉली बाई तरातरा आल्या, माझ्या मुठीतून कवळी घेतली, रुमालात गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "तुम आदमी है या बंदर है?" मी म्हटलं, बाई, बंदर.

मग स्वयंपाकघरात आम्ही दोघं पालथ्या पातेल्यांवर बसलो. साहेबांनी कवळी लावली नव्हती. घामानं कोट भिजला होता. मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले.

"किती वर्सां मी भियालो, मास्तर," ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द ओले येत होते. "झोपेत पण कवळी पडतली म्हणून स्वप्नं पडायची. कधी काढून वाजवून पाहिलं नाय. पाहिलंच नाय."

"काहून नाही पाहिलं?"

"तू काहून नाय काढले दात?"

 मग आम्ही दोघं हसायला लागलो, एक बिनदातांचा आणि एक हलत्या दातांचा. माझे हसताना दुखत होते तरी हसत होतो. आचारी आमच्याकडे पाहत होता. मग साहेबांनी मला तिथेच शिकवलं. दोन्ही ओठ किती आत घ्यायचे, चावायचं नाही, गालांनी धरायचं, पत्ती आतापेक्षा मऊ लावायची. त्यांना स्वतःला ते नुकतंच कळलं होतं, म्हणून सांगताना तेही तपासून पाहत होते. कलकत्त्याला एक अमेरिकन म्हातारा असाच ओठांत धरून वाजवायचा, ते त्यांनी पाहिलं होतं. त्याची ती तऱ्हा आहे असं समजले होते. तो बिनदातांचा असेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

निघताना मी ती नोट पुन्हा पुढे केली, त्यांनी वरच्या खिशात ठेवली. डॉली बाईंनी काढून मला परत दिली. साहेबांनी पुन्हा माझ्याकडून घेतली. मी गेलो तेव्हा ते दोघं त्यावरून बोळात भांडत होते.

पुन्हा धंतोली

सोमवारी मी देवरावच्या आधी उठून तयार बसलो होतो. शांताला खरं वाटेना. म्हणाली, मी पण येते. मी म्हटलं, ये वं बाई.

डॉक्टरबाईंना मी म्हटलं, काढा, वरचा एकही ठेवू नका. त्यांनी विचारलं, पिंटो काय म्हणाले? मी म्हटलं, फार काही म्हणाले नाहीत. बाईंनी सुई दिली आणि हिरडी बधिर झाली. दात इतके हलके झाले होते की निघताना त्यांनी काही झगडा केला नाही. बशीत टकटक पडत होते. दुखलं नाही. तरी माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. बाई म्हणाल्या, दुखतंय का, आणखी औषध देऊ? मी मान हलवली. तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं, आणि बरंच झालं. बुढी गेली तेव्हा गर्दी होती, लाकडं आणायची होती, पाहुणे होते, मला रडायला जागा मिळाली नव्हती. दाताच्या खुर्चीत माणूस रडला तर कोणी कारण विचारत नाही. शांतानं माझा हात धरला होता. तिला कळलं असावं, कारण तीही रडत होती आणि तिचे तर दात कोणी काढत नव्हतं.

त्या दुपारी मी झोपलो. किती महिन्यांनी तसा झोपलो. ठणका नव्हता, कानात सणक नव्हती, आणि मुख्य म्हणजे ती भीती नव्हती. शांतानं आंबील केली होती, थंड करून. वाटीनं पीत गेलो, पोरासारखा.

हिरड्या भरेपर्यंत फुंकायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. कवळीसाठी नंतर परत यायचं. ते सगळं केलं, त्याचं वर्णन काय करायचं.

नागभीड

गाडी परत येताना तेवढीच हळू होती, पण मला घाई नव्हती.

हिरड्या घट्ट झाल्यावर एका सकाळी पेटी खाली काढली. दार उघडं ठेवलं. ओठ दुमडले आणि फुंकलं. हवा. पुन्हा फुंकलं, बदकासारखा आवाज. शेजारच्या अंगणात कोणीतरी फिस्सकन हसलं. हसू द्या म्हटलं. पिंटोसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे चावायचं सोडलं, गाल आवळले, आणि सूर आला. जुना टोकदार सूर नव्हता तो. जरा सैल, रुंद, म्हाताऱ्या माणसाचा. पण सूर होता. मी तो श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. भिंतीवर बुढीचा फोटो आहे, तिच्याकडे पाहून धरला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला आवडेल, पण मी पाहिलं नाही. माझं लक्ष ओठांकडे होतं. ती असती तर म्हणाली असती, जा म्हटलं होतं तेव्हाच का नाही गेले.

श्रावणला निरोप पाठवला की दुसरा पाहू नको. तो आला, ऐकलं, माझ्या तोंडाकडे वाकून पाहिलं. म्हणाला, "काका, आवाज बदलला गा."

"वाईट आहे काय?"

त्यानं जरा विचार केला. "नाही. रडवणारा झाला. बिदाईले चांगला राहीन."

वैशाखात पहिलं लग्न लागलं, तळोधीचं. ऊन होतं, रस्ता उखणलेला होता, आणि घोडा चौकात अडलाच. मी गाण्याच्या बाहेर जाऊन आलो. कवळी रुमालात बांधून कोटाच्या खिशात होती. लग्न लागलं, वाजवणं संपलं, तेव्हा ती काढली, पाण्यानं धुतली, लावली आणि जेवायला बसलो.